असहाय प्रौढांचे रक्षण : तपास अधिकाऱ्याचे अवघड काम

फोन बहुधा शेजाऱ्याचा असतो. कधी पोस्टमनचा, कधी बँकेतल्या रोखपालाचा, तर कधी दवाखान्यातल्या परिचारिकेचा. पलीकडच्या घरातल्या आजी आठ-दहा दिवसांत बाहेर दिसलेल्या नाहीत, दारातली पत्रे तशीच पडून आहेत आणि विचारायला गेल्यास मुलगा उंबरठ्यावरूनच ‘आई झोपली आहे’ असे सांगून परत पाठवतो, एवढीच माहिती मिळते. तेवढ्यावर अमेरिकेतील एखाद्या काउंटीच्या कार्यालयातला अधिकारी ओळखपत्र आणि नोंदवही घेऊन निघतो व अनोळखी घराचे दार ठोठावतो. त्याच्याकडे पिस्तूल नसते, अटक करण्याचा अधिकारही नसतो. आतल्या वृद्ध व्यक्तीने ‘मला तुमच्याशी बोलायचे नाही’ असे विचारपूर्वक सांगितले, तर बहुतेक प्रसंगी त्याला ते मान्य करून परतावे लागते.

‘अॅडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस’, म्हणजेच प्रौढ संरक्षण सेवा, या यंत्रणेचा हा तपास अधिकारी होय. वृद्ध, अपंग किंवा आजारपणामुळे परावलंबी झालेल्या प्रौढांचा छळ, हेळसांड आणि आर्थिक पिळवणूक यांविषयीच्या तक्रारींची शहानिशा करणे हे त्याचे काम. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत ही सेवा अस्तित्वात असून तिच्याकडे दरवर्षी दहा लाखांहून अधिक तक्रारी येतात. दुर्बलाचे रक्षण करताना त्याचे स्वातंत्र्य कोठवर जपायचे, हा प्रश्न या अधिकाऱ्याला प्रत्येक भेटीत सोडवावा लागतो. ज्येष्ठांची संख्या झपाट्याने वाढत असलेल्या आपल्या देशालाही तो फार काळ टाळता येणार नाही.

यंत्रणेचा उगम

घरातल्या वृद्धांना होणारी मारहाण हा वैद्यकीय व सामाजिक प्रश्न आहे, याची जाणीव तशी अलीकडची. १९७५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका डॉक्टरांचे छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. लहान मुलांच्या मारहाणीची चर्चा होते, तशीच आजी-आजोबांच्या मारहाणीचीही व्हायला हवी, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायद्यात विसावे प्रकरण समाविष्ट झाले आणि प्रौढांच्या संरक्षणासाठी केंद्राचा निधी वापरण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला. १९८१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या वार्धक्यविषयक समितीने वृद्धांच्या छळावर अहवाल सादर केला आणि त्यात या प्रश्नाला ‘दडलेली समस्या’ असे म्हटले.

मात्र प्रत्येक राज्याने आपापला कायदा केल्याने एकसूत्रता आली नाही. टेक्सासमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि १८ ते ६४ वयोगटातील अपंग व्यक्ती या सेवेच्या कक्षेत येतात. कॅलिफोर्नियात ही वयोमर्यादा १ जानेवारी २०२२ पासून ६० वर्षांवर आणण्यात आली. फ्लोरिडाच्या कायद्याने मात्र वयाऐवजी अवस्था विचारात घेतली आहे. दैनंदिन व्यवहार किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमता क्षीण झालेली १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती तेथे संरक्षणास पात्र ठरते. शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांच्या तक्रारी अनेक राज्यांत वेगळे खाते हाताळते. शिवाय १९७८ पासून प्रत्येक राज्याला अशा संस्थांतील रहिवाशांसाठी ‘ओम्बुड्समन’, म्हणजे लोकपालासारखा तक्रार निवारक, नेमणे बंधनकारक आहे.

२०१० मध्ये ‘एल्डर जस्टिस अॅक्ट’ हा केंद्रीय कायदा झाला. देशभरासाठी किमान नियम येण्यास मात्र मे २०२४ उजाडावा लागला. जिवाला धोका असेल किंवा भरून न निघणारी हानी होण्याची शक्यता असेल, तर २४ तासांच्या आत आणि अन्य प्रकरणांत सात दिवसांच्या आत प्रतिसाद दिला पाहिजे, असे या नियमांत नमूद करण्यात आले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना मे २०२८ पर्यंतची मुदत देण्यात आली.

तक्रारींचे प्रकार

तक्रारींचे साधारणपणे सहा प्रकार केले जातात. मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, काळजीवाहकाकडून होणारी हेळसांड आणि आर्थिक पिळवणूक हे पाच प्रकार सहज लक्षात येतात. सहावा प्रकार म्हणजे स्वतःची हेळसांड. संख्येने तोच सर्वांत मोठा आहे. एकटी राहणारी व्यक्ती जेवण करीत नाही, औषधे घेत नाही, घरात कचऱ्याचे ढीग साचू देते. तिला छळणारे दुसरे कोणी नसते. वस्तूंचा अनावर साठा करण्याच्या प्रवृत्तीला अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. त्याआधीही अशा घरांत तपास अधिकारी जातच होते आणि ‘हा आजार आहे की ही या माणसाची जगण्याची तऱ्हा आहे’ हे ठरवताना त्यांचा कस लागत होता.

छळाच्या घटना नेमक्या किती घडतात, हे सांगणे कठीण असते, कारण त्यांतील फार थोड्या उजेडात येतात. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झालेल्या पाहणीत, अधिकृत यंत्रणेपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक प्रकरणामागे न पोहोचलेली सुमारे २३ प्रकरणे असल्याचा अंदाज निघाला. साठीपुढील सहापैकी एका व्यक्तीला वर्षभरात घरी वा समाजात कोणत्या ना कोणत्या छळाला तोंड द्यावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही वृत्ती केवळ आपल्याच समाजापुरती मर्यादित नाही. आपण वाढवलेल्या मुलाने आपल्यावर हात उचलला, हे सांगण्याची लाज कोणत्याही देशातील आईला वाटते. त्या मुलाला तुरुंगात जावे लागेल आणि आपल्याला शुश्रूषागृहात, ही भीतीही तिच्या मनात असते.

म्हणूनच बहुतेक राज्यांनी डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, पोलीस यांच्यावर संशयास्पद प्रकार कळवण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली आहे. टेक्सासमध्ये तर ती प्रत्येक नागरिकावर आहे व ती टाळणे हा गुन्हा ठरतो. तक्रार करणाऱ्याकडे पुरावा असण्याची गरज नसते, सद्हेतूने बाळगलेला रास्त संशय पुरेसा मानला जातो. त्याचे नाव गुप्त ठेवले जाते.

घरात पाहायचे काय?

पहिली भेट बहुधा पूर्वसूचनेशिवाय होते. त्या वेळी सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे वृद्ध व्यक्तीशी एकट्याने बोलणे. मुलगा किंवा सून शेजारी बसून उत्तरे देत असेल, तर त्या मुलाखतीला फारसा अर्थ उरत नाही. कुटुंब परदेशातून आलेले असेल तर हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. इंग्रजी न येणाऱ्या मराठी, गुजराती किंवा चिनी वृद्धेशी तिच्या घरच्यांनाच दुभाषा करून बोलणे म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच तोंडून तिचे म्हणणे ऐकणे. अशा वेळी त्रयस्थ दुभाष्याची मदत घेतली जाते.

आरोप ऐकवून मुलाखतीची सुरुवात करीत नाहीत. दिवस कसा जातो, स्वयंपाक कोण करते, औषधे कोण देते, पेन्शनचा हिशेब कोण ठेवते, असे साधे प्रश्न आधी येतात. ‘या घरात कोणाची भीती वाटते का?’ हा प्रश्न बोलणे रुळल्यानंतरच विचारला जातो. दरम्यान अधिकाऱ्याचे डोळे आपले काम करीत असतात. शीतकपाटात खाण्याजोगे काही आहे का? औषधाच्या बाटलीवरील तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा मेळ बसतो का? थंडीच्या दिवसांत घर गरम आहे का? अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या पाठीवर, टाचांवर शय्याव्रण आहेत का? खोलीची कडी बाहेरून तर नाही ना? चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, चालण्याची काठी व्यक्तीच्या हाताशी आहे की कोणी काढून ठेवली आहे?

वळ आणि काळेनिळे डाग यांचा अर्थ लावणे हे जोखमीचे काम. उतारवयात त्वचा पातळ होते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे किरकोळ धक्क्यानेही डाग पडतात. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्येष्ठांच्या शरीरावर सहजगत्या पडणाऱ्या डागांची रोज नोंद ठेवण्यात आली. जवळजवळ ९० टक्के डाग हातापायांवर होते. मानेवर, कानांवर किंवा तळपायांवर एकही आढळला नाही. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे ओळखता येते, हा समजही त्या अभ्यासाने खोटा ठरवला. मारहाण सिद्ध झालेल्या ज्येष्ठांचा अभ्यास त्यानंतर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डाग आकाराने मोठे असल्याचे व ते चेहऱ्यावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूस किंवा पाठीवर असण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. डाग कसा पडला, हे बहुतेकांना आठवत होते आणि सांगताही येत होते. अधिकाऱ्याने हे निदान स्वतः करायचे नसते. तो छायाचित्र घेतो, मोजमाप नोंदवतो आणि डॉक्टरांचे मत मागवतो.

यानंतर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची मुलाखत घेतली जाते. तीही शांतपणे, कारण तक्रार खोटी असू शकते आणि खरी असली तरी समोरची व्यक्ती दरवेळी दुष्टच असते असे नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या पतीला वर्षानुवर्षे एकटीने सांभाळणारी सत्तरीतील पत्नी थकून त्याच्यावर ओरडते, त्याला खुर्चीला बांधून बाजारात जाते. कायद्याच्या दृष्टीने हा छळच आहे. परंतु तेथे पोलिसांपेक्षा आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या मदतनिसाची गरज अधिक असते.

‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

बालसंरक्षण आणि प्रौढसंरक्षण यांतील मूलभूत फरक येथे स्पष्ट होतो. मूल धोक्यात असेल तर शासन त्याच्या वतीने निर्णय घेऊ शकते. प्रौढ व्यक्तीला मात्र स्वतःच्या जीवनाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असतो. त्यात चुकीचा निर्णय घेण्याचाही समावेश होतो. मद्यपी मुलाला घरात ठेवायचे, डॉक्टरांकडे जायचे नाही, पडक्या घरातच राहायचे, असे एखाद्या सुबुद्ध वृद्धाने ठरवले, तर अधिकारी त्याला मदतीचे पर्याय समजावून सांगू शकतो, सक्ती करू शकत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या ‘मेंटल कपॅसिटी अॅक्ट’ने हेच तत्त्व कायद्यात नमूद केले. एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता हरपली असे मानता येणार नाही, असे तो कायदा सांगतो.

त्यामुळे तपासाचा कळीचा मुद्दा बहुधा ‘कोणी केले’ हा नसून ‘या व्यक्तीला आपल्या निर्णयाचा परिणाम कळतो का’ हा असतो. ही क्षमता सर्वच बाबतींत एकसारखी असते असेही नाही. एखाद्या आजोबांना जेवणात काय हवे, कोणासोबत राहायचे हे नीट सांगता येते; परंतु घर गहाण ठेवण्याच्या कागदावर सही केल्याने काय होईल, हे उमगत नाही. बोलणे आणि करणे यांतही अंतर पडलेले असू शकते. ‘आग लागली तर काय कराल?’ या प्रश्नाचे अचूक उत्तर देणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्षात खुर्चीतून उठून दारापर्यंत जाता येत नाही. म्हणून जाणते अधिकारी ‘सांगा’ असे म्हणून थांबत नाहीत, ‘करून दाखवा’ असेही म्हणतात. शिवाय मूत्रमार्गाचा संसर्ग, निर्जलीकरण किंवा औषधांचा दुष्परिणाम यांमुळे वृद्ध व्यक्ती काही दिवस पूर्णपणे भ्रमित होऊ शकते आणि उपचारांनंतर पूर्वपदावर येऊ शकते. एका भेटीतील गोंधळावरून कायमचा शिक्का मारणे त्यामुळे अन्यायाचे ठरते. क्षमतेविषयी अंतिम मत डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ देतात आणि निर्णय न्यायालय करते. न्यायालयाकडून पालक नेमून घेणे हा शेवटचा उपाय मानला जातो. एकदा पालक नेमला की व्यक्ती कोठे राहील, पैसा कसा खर्च होईल, कोणते उपचार होतील, यांपैकी बरेच काही तिच्या हातातून जाते.

क्लीव्हलँडचा धडा

ही सावधगिरी केवळ तत्त्वचर्चेतून आलेली नाही. १९६० च्या दशकात ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथील बेंजामिन रोज इन्स्टिट्यूटने एक प्रयोग केला. स्वतःची काळजी घेणे कठीण झालेल्या ज्येष्ठांच्या एका गटाला अनुभवी समाजसेवकांची भरपूर आणि सातत्यपूर्ण मदत देण्यात आली, तर दुसऱ्या गटाला शहरात एरवी उपलब्ध असलेल्या सेवांवर सोडण्यात आले. मार्गारेट ब्लेंकनर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सर्वांनाच धक्का बसला. ज्यांना अधिक मदत मिळाली त्यांच्यात संस्थेत दाखल होण्याचे आणि मृत्यूचेही प्रमाण अधिक आढळले. दोन्ही गट सुरुवातीपासून सारखे नव्हते, असा आक्षेप १९७६ मध्ये घेण्यात आला आणि मृत्यूविषयीच्या निष्कर्षावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. तरीही मदतीच्या नावाखाली माणसाला त्याच्या घरातून उखडले जाते, ही शंका कायम राहिली.

पुढील संशोधनाने ती पुसली गेली नाही. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील ज्येष्ठांच्या दीर्घकालीन अभ्यासावर आधारित दोन निबंध याबाबत महत्त्वाचे आहेत. १९९८ च्या निबंधानुसार, छळाची तक्रार नोंदली गेलेल्या व्यक्तींपैकी १३ वर्षांच्या पाहणीअखेर केवळ ९ टक्के हयात होत्या. ज्यांच्याबाबत कोणतीही तक्रार नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्के होते. छळ किंवा हेळसांड हा जिवाशी खेळ असतो, हे यातून दिसते. २००२ च्या निबंधाने दुसरी बाजू पुढे आणली. संरक्षण सेवेशी संबंध न आलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के व्यक्ती पुढे शुश्रूषागृहात गेल्या. छळाच्या प्रकरणांत हे प्रमाण सुमारे ५२ टक्के, तर स्वतःच्या हेळसांडीच्या प्रकरणांत सुमारे ६९ टक्के होते. दुर्लक्ष केले तर माणूस दगावण्याची भीती आणि हस्तक्षेप केला तर त्याचे घर सुटण्याची भीती, या दोहोंमधून अधिकाऱ्याला वाट काढायची असते. स्वातंत्र्यावर कमीत कमी बंधन आणणारा उपाय आधी, हे तत्त्व म्हणूनच या व्यवसायाने स्वीकारले. घरपोच जेवण, स्नानगृहात आधाराचा दांडा, औषधांची आठवडी डबी, साफसफाईला मदत, मुखत्यारपत्रात बदल, गरज पडल्यास मारहाण करणाऱ्याला दूर ठेवणारा न्यायालयीन आदेश, अशी पायरी पायरीने योजना आखली जाते.

पैशाचा माग

आर्थिक पिळवणुकीत शरीरावर खूण राहत नाही. मुखत्यारपत्राचा गैरवापर, अचानक बदललेले मृत्युपत्र, खात्यातून नेमक्या अंतराने निघणाऱ्या रकमा, नव्याने जवळीक साधलेला ‘मदतनीस’ या तिच्या खुणा होत. संपत्ती आणि प्रसिद्धी यांमुळे यातून सुटका होते असेही नाही. न्यूयॉर्कच्या दानशूर समाजधुरीण ब्रुक अॅस्टर यांच्या नातवाने २००६ मध्ये आजीच्या देखभालीविषयी न्यायालयात धाव घेतली. आजी १०५ वर्षांच्या होऊन २००७ मध्ये निवर्तल्या आणि २००९ मध्ये त्यांचा मुलगा अँथनी मार्शल आईच्या मालमत्तेसंबंधीच्या फसवणूक व चोरीच्या आरोपांत दोषी ठरला. हॉलिवूडचे अभिनेते मिकी रूनी यांनी मार्च २०११ मध्ये, वयाच्या नव्वदीत, सिनेटच्या समितीपुढे येऊन आपल्याच कुटुंबात आपले आर्थिक शोषण झाल्याची कैफियत मांडली. इतरांनी गप्प बसू नये, अशी त्यांची कळकळ होती.

अशा प्रकरणांत पहिला सुगावा बहुधा बँकेला लागतो. कॅलिफोर्नियाने २००७ पासून बँक कर्मचाऱ्यांना असा संशय कळवणे बंधनकारक केले. प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याने सद्हेतूने तक्रार केल्यास त्याला कायदेशीर संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१८ मध्ये झाला. एकट्या समाजसेवकाला बँकेचे उतारे, वैद्यकीय अहवाल आणि फौजदारी कायदा हे सारे उलगडणे शक्य नसते. म्हणून कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत २००३ मध्ये डॉक्टर, पोलीस, सरकारी वकील आणि संरक्षण अधिकारी यांना एका टेबलाभोवती आणणारे पहिले न्यायवैद्यक केंद्र सुरू झाले. पुढे अन्यत्रही तशी केंद्रे उभी राहिली.

पात्रता आणि ताण

या पदासाठी साधारणपणे समाजकार्य, मानसशास्त्र किंवा तत्सम विषयातील पदवी लागते. नेमणुकीनंतर कायदा, मुलाखतीचे तंत्र, वार्धक्यातील आजार आणि नोंदी ठेवण्याची पद्धत यांचे प्रशिक्षण दिले जाते. नोंदींना असाधारण महत्त्व असते. ‘घर घाणेरडे होते’ हे मत झाले. ‘ओट्यावर बुरशी आलेली चार ताटे, नळाला पाणी नाही’ ही नोंद झाली. न्यायालयात दुसरीच टिकते. निष्कर्षासाठी फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा आवश्यक नसतो. बहुतेक राज्यांत तक्रार खोटी असण्यापेक्षा खरी असण्याची शक्यता अधिक दिसली की ‘तथ्य आढळले’ असा शेरा मारता येतो. गुन्हा दिसल्यास प्रकरण पोलिसांकडे जाते.

कामातील धोकेही कमी नाहीत. मोकाट कुत्री, ढेकूण, मोडके जिने, नशेत असलेले नातलग यांना तोंड द्यावे लागते. धोक्याची पूर्वकल्पना असेल तर अधिकारी पोलिसांना सोबत नेतो. याहून अवघड असतो तो मनावरचा भार. संमती न मिळाल्याने बंद केलेल्या प्रकरणातील व्यक्ती काही आठवड्यांनी मरण पावल्याची बातमी येते, तेव्हा नियमांप्रमाणे वागल्याचे समाधान पुरत नाही. म्हणूनच नकार ऐकूनही संबंध न तोडणे, परवानगी मागून पुन्हा जाणे, छोट्याशा मदतीतून विश्वास मिळवणे, ही या व्यवसायातील खरी हातोटी समजली जाते. पहिल्या भेटीत दाराच्या फटीतून बोलणारी व्यक्ती तिसऱ्या भेटीत आत बोलावते, असा अनुभव अनेक अधिकाऱ्यांना येतो.

आपल्याकडची स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. त्यांच्यासाठी ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह आणि कल्याण अधिनियम’ २००७ मध्ये संमत झाला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० मध्ये केले. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण, दरमहा कमाल १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता, ९० दिवसांत निकाल आणि ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, या त्यातील ठळक तरतुदी होत. भत्त्याची कमाल मर्यादा काढून टाकण्याचा प्रस्ताव असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते निकालात निघाले.

कायद्याचे कलम २३ मराठी वाचकाला सहज समजावे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) अप्पा बेलवलकर सारी मिळकत मुलांना वाटून देतात आणि मग त्यांच्याच दारी परके होतात. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मागण्याची तरतूद या कलमात आहे. अशी अट व्यवहारात असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याच्या कल्याणकारी हेतूवर भर दिला आणि मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, असे स्पष्ट केले.

उणीव आहे ती दार ठोठावणाऱ्याची. न्यायाधिकरणाकडे अर्ज ज्येष्ठाने स्वतः किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने वा संस्थेने करायचा असतो. न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेता येते. परंतु बंद खोलीतील व्यक्तीची खबर तेथवर पोहोचवायची कोणी, हा प्रश्न राहतोच. कायद्यातील निर्वाह अधिकारी, म्हणजे जिल्हा समाजकल्याण अधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, ज्येष्ठाच्या इच्छेनुसार सुनावणीत त्याची बाजू मांडतो. त्याची भूमिका सुरू होते ती अर्ज आल्यावर. अपंग व्यक्तींच्या बाबतीत २०१६ च्या कायद्याचे कलम ७ अधिक मोकळे आहे. छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो आणि त्याला सुटकेचे व संरक्षणाचे आदेश देता येतात. ज्येष्ठांसाठी २०२१ मध्ये देशभर सुरू झालेली १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत उपलब्ध असते. छळाच्या प्रकरणांत प्रत्यक्ष जाऊन मदत करणे आणि बेवारस सोडलेल्या वृद्धांची सुटका करणे हेही तिच्या कामात समाविष्ट आहे.

याखेरीज २००७ च्या कायद्याच्या केंद्रीय आदर्श नियमांत एक साधी तरतूद आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि पोलीस प्रतिनिधीने, शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन, महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी, असे ती सांगते. ही भेट दारातच सही घेऊन उरकली, तर वहीतील रकाना तेवढा भरतो. आत येऊन बसण्याची परवानगी मागितली, घरच्यांना क्षणभर बाहेर थांबायला सांगितले आणि ‘औषधे कोण देते, पेन्शन कोण आणते’ असे दोन-चार प्रश्न विचारले, तर त्याच भेटीतून बरेच काही कळू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अमेरिकेतील तपास अधिकारी पहिल्या भेटीत यापेक्षा फार वेगळे काही करीत नाहीत.